कंगवा पृथ्वीवर मात कशी करतो? स्थितिक विद्युत बलाची ओळख

विद्युतप्रभार दोन प्रकारचे असतात, धन आणि ऋण. सजातीय प्रभार एकमेकांना ढकलतात, विजातीय ओढतात, हे आपण शाळेपासून ऐकत आलोय. आज आपण पुढचा प्रश्न घेऊ: हे बल असतं किती, आणि ते कशावर ठरतं?

कोरड्या केसांतून प्लॅस्टिकचा कंगवा फिरवून कागदाच्या कपट्यांजवळ नेला, की कपटे उडी मारून त्याला चिकटतात. आता विचार करा, कपट्याला खाली कोण ओढतंय? अख्खी पृथ्वी. आणि वर? एक कंगवा. त्यावरचा प्रभार असतो कूलोमचा अगदी नगण्य अंश, अब्जांशांत मोजावा इतका. तरीही जिंकतो कंगवाच!

हे बल मोजलं फ्रेंच अभियंता कूलोम यांनी, १७८५ साली. चांदीच्या बारीक तारेला त्यांनी एक आडवी काडी टांगली, काडीच्या टोकाला हलकी गोळी. शेजारी दुसरी गोळी स्थिर ठेवली. दोन्हींना सारखाच प्रभार दिल्यावर टांगलेली गोळी ३६ अंश दूर सरकली. म्हणजे तारेला ३६ अंशांचा पीळ पडला. मग वरून तार पिळत त्यांनी गोळी पुन्हा जवळ आणली. अंतर १८ अंशांवर आणायला एकूण पीळ लागला १४४ अंशांचा, म्हणजे चौपट. ८.५ अंशांवर आणायला लागला ५७५.५ अंशांचा, म्हणजे जवळजवळ सोळापट.

लक्षात आलं ना? अंतर निम्मं केलं की बल चौपट, पाव केलं की सोळापट. म्हणजेच बल अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात असतं. शिवाय ते दोन्ही प्रभारांच्या गुणाकाराच्या सम प्रमाणात असतं. एका ओळीत मांडायचं तर: बल = स्थिरांक × पहिला प्रभार × दुसरा प्रभार ÷ अंतराचा वर्ग.

प्रभार कूलोममध्ये, अंतर मीटरमध्ये आणि बल न्यूटनमध्ये घेतलं, तर हवेत हा स्थिरांक येतो सुमारे ९ अब्ज. म्हणजे एकेक कूलोमचे दोन प्रभार एक मीटरवर ठेवले, तर त्यांच्यातलं बल ९ अब्ज न्यूटन, साधारण ९ लाख टन वजनाइतकं!

मग एवढं प्रचंड बल आपल्याला रोज जाणवत का नाही? कारण पदार्थात धन आणि ऋण प्रभार जवळजवळ तंतोतंत सारखे असतात. ओढणं आणि ढकलणं एकमेकांना रद्द करतं. कंगवा केसांवर घासला की हा समतोल किंचित बिघडतो, बस्स.

इथे कुणीही विचारेल, कागद तर उदासीन आहे, मग तो का ओढला जातो? समजा, कंगव्यावर ऋण प्रभार आहे. तो जवळ आला की कागदाच्या रेणूंमधले ऋण प्रभार किंचित दूर सरकतात आणि धन बाजू कंगव्याकडे येते. जवळच्या धन बाजूवरचं आकर्षण दूरच्या ऋण बाजूवरच्या प्रतिकर्षणापेक्षा थोडं जास्त भरतं. अंतराचा नियमच इथे काम करतो.

घरी करून बघा, पण कोरड्या हवेत. पावसाळ्यात कोकणात हा प्रयोग बहुधा फसतो, कारण दमट हवेत वस्तूंच्या पृष्ठभागावर ओलावा बसतो आणि प्रभार त्यावाटे निसटून जातो.

हा नुसता खेळ नाही. पाइपातून वाहतानाही इंधनात प्रभार तयार होऊन साठू शकतो. त्याची एक ठिणगी पेट्रोलच्या वाफेला पुरते. म्हणून पंपावर टँकर रिकामा करण्याआधी त्याला अर्थिंगची तार जोडतात, म्हणजे साठलेला प्रभार जमिनीत निघून जातो. कॅनमध्ये पेट्रोल भरतानाही कॅन गाडीतून उतरवून जमिनीवर ठेवायचा, तो याच कारणासाठी.

आता एक प्रश्न उरतो. दोन प्रभार एकमेकांना शिवत नाहीत, मग एकाचा परिणाम दुसऱ्यापर्यंत पोचतो कसा? त्यासाठी आपल्याला विद्युतक्षेत्र ही कल्पना लागेल. तिची भेट पुढच्या भागात.