रेझिस्टन्स बँडवाला होम जिम बेंच: बँडवरचा आकडा खरा किती आणि घेताना काय तपासायचं?



मोबाईलवर रील बघताना मध्येच एक जाहिरात येते. एक घडीचा बेंच, त्याला चार बाजूंनी लावलेले रबरी बँड आणि खाली लिहिलेलं असतं, 'वीस व्यायाम, एकच बेंच, जिमची गरज नाही'. मी त्या जाहिरातीवर तीनदा बोट थांबवलं आणि चौथ्यांदा ऑर्डर टाकली. साडेसहा हजार गेले. खोली दहा बाय दहाची, जिमची फी दर महिन्याला परवडत नव्हती, त्यामुळे सौदा बरा वाटला.

अकराव्या दिवशी बँडचा हुक सुटला आणि थेट माझ्या चष्म्यावर आपटला. डावी काच तडकली. चष्मा नसता तर काय झालं असतं, याचा विचार आजही करवत नाही.

बेंच मी परत केला नाही. आठ महिने झाले, आजही वापरतोय आणि फायदाही झालाय. पण त्या दिवसानंतर ही वस्तू नेमकी चालते कशी, हे नीट समजून घेतलं. ऑर्डर टाकण्याआधी जे कळायला हवं होतं, ते या लेखात सांगतोय.

बँड आणि डंबेल यात फरक काय?

१० किलोचा डंबेल खाली असो, मध्ये असो किंवा वर असो, तो १० किलोच असतो. बँडचं तसं नाही. जितका ताणाल तितका तो जोरात मागे ओढतो. शाळेत आपण स्प्रिंगचा हूकचा नियम शिकलो होतो, साधारण तेच इथे लागू होतं. रबर अगदी स्प्रिंगसारखं सरळ रेषेत वागत नाही, पण ढोबळ हिशोबाला ते पुरेसं आहे.

याचा व्यायामावर थेट परिणाम होतो. बेंचवर झोपून छातीचा प्रेस करताना हात छातीजवळ असतात तेव्हा आपण सगळ्यात कमजोर असतो आणि हात सरळ होत आले की जोर वाढतो. बँडचा ताणही नेमका तसाच वाढत जातो, म्हणून प्रेसला बँड छान जमतो.

पाठीसाठी रोईंग करताना उलटं होतं. हात पोटाजवळ येतात तिथे आपला जोर कमी पडतो आणि बँड तिथेच सगळ्यात जास्त ओढतो. त्यामुळे रोईंगला प्रेसपेक्षा हलका बँड लावावा लागतो. सुरुवातीला मला वाटायचं, आपली पाठ फारच कमजोर आहे. अर्धा दोष बँडच्या स्वभावाचा होता.

बँडने खरंच ताकद वाढते का?

वाढते. २०१९ साली 'सेज ओपन मेडिसिन' या वैद्यकीय नियतकालिकात आधीच्या अनेक अभ्यासांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. बँडने केलेला व्यायाम आणि वजनं किंवा मशीनवर केलेला व्यायाम, दोन्हींनी ताकद साधारण सारखीच वाढते, असा त्याचा निष्कर्ष होता. स्नायूला समोर लोखंड आहे की रबर, हे कळत नाही. त्याला फक्त किती जोर लावावा लागला ते कळतं.

अडचण वेगळीच आहे. तो जोर किती, हे बँडवर बघून कळत नाही.

बँडवरचा आकडा कसा वाचायचा?

माझ्या बँडवर '३०' लिहिलं होतं. मी ते ३० किलो समजलो. ते पाउंड निघाले. १ पाउंड म्हणजे सुमारे ०.४५ किलो, म्हणजे ३० पाउंडचे साडेतेरा किलो. जाहिरातीत '१५० चा सेट' असं लिहिलेलं असेल, तर ते बहुतेक वेळा सगळ्या बँडची बेरीज करून आणि पाउंडमध्ये असतं. १५० पाउंड म्हणजे ६८ किलो, तेही सगळे बँड एकदम लावले तर.

आता दुसरी गंमत. हा आकडा बँड किती ताणल्यावरचा आहे? म्हणून मी प्रवासाची बॅग मोजायचा डिजिटल काटा घेतला. बँडचं एक टोक बेंचला अडकवलं, दुसरं काट्याला लावलं आणि शेजारी टेप ठेवला. माझा बँड न ताणता ६० सेंटीमीटर आहे. आकडे असे आले:

७५ सेंटीमीटरला ३.१ किलो
९० सेंटीमीटरला ५.४ किलो
१०५ सेंटीमीटरला ७.३ किलो
१२० सेंटीमीटरला ९ किलो
१५० सेंटीमीटरला १२.८ किलो

म्हणजे मूळ लांबीच्या अडीचपट ताणला तरी तो साडेतेरापर्यंत पोचत नाही. माझ्या प्रेसमध्ये बँड ७५ पासून १२० सेंटीमीटरपर्यंतच जातो. म्हणजे एका हाताला प्रत्यक्षात ३ ते ९ किलो. बँडवर लिहिलेला आकडा खोटा म्हणता येणार नाही, पण तो माझ्या हालचालीचा नव्हता. तुमच्या हातांची लांबी वेगळी असेल, तर तुमचा आकडाही वेगळा येईल.

काटा नसेल तर निदान एवढं लक्षात ठेवा: बँड मूळ लांबीच्या अडीचपटीपेक्षा जास्त ताणायचा नाही.

दुमडला की दुप्पट नाही, चौपट

बरेच जण बँड जड करायला तो मधून दुमडतात आणि जोर दुप्पट होईल असं धरतात. प्रत्यक्षात तेवढ्याच अंतरासाठी जोर साधारण चौपट होतो. कारण सोपं आहे. लांबी अर्धी झाली, म्हणून तेच ३० सेंटीमीटर ताणताना रबरावर दुप्पट ताण येतो. शिवाय आता एकाऐवजी दोन पदर ओढतायत, म्हणून परत दुप्पट. दोन दुणे चार. रबर लवकर तुटतं ते इथेच.

माझा हुक का सुटला?

माझ्या बेंचबरोबर आलेले हुक उघड्या तोंडाचे होते, खुंटीला अडकवतो तसे. प्रेस करताना हात खाली आले की बँड पूर्ण ढिला पडायचा. ढिला पडला की हुक कडीतून थोडा बाहेर सरकायचा. पुढच्या वेळी हात वर गेले, तो अर्धवट अडकलेला हुक निसटला आणि ताणलेल्या रबराने तो माझ्याकडे फेकला. बँड नेहमी आपल्याच दिशेने ताणलेला असतो, त्यामुळे सुटला की तोंडाकडेच येतो.

हे फक्त माझ्याच बाबतीत घडलं असं नाही. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये लोक घरी व्यायाम करायला लागले, तेव्हा अमेरिकेत मायामीच्या नेत्रतज्ज्ञांनी बँडमुळे डोळ्यांना झालेल्या गंभीर इजा वैद्यकीय नियतकालिकात नोंदवल्या होत्या.

त्यानंतर मी तीन बदल केले. उघडे हुक फेकून स्प्रिंगने बंद होणारे हुक आणले. हात खाली असतानाही बँड थोडा ताणलेलाच राहील, अशी त्याची लांबी ठेवली. आणि कारखान्यात वापरतात तो पारदर्शक सेफ्टी गॉगल चष्म्यावरून घालतो. धाकटा भाऊ हसतो, पण त्यालाही गॉगलशिवाय बेंचला हात लावू देत नाही.

बेंच घेताना काय तपासायचं?

१. वजनाची मर्यादा. डंबेलचं वजन शेवटी जमिनीवर जातं. बँड मात्र बेंचलाच अडकवलेले असतात. तुम्ही बँड वर ढकलता, तेव्हा तेवढ्याच जोराने तुमची पाठ बेंचला खाली दाबते. तुमचं वजन ७० किलो आणि दोन्ही बँडचा मिळून जोर ४० किलो असेल, तर गादीवर ११० किलोचा भार येतो. मर्यादा त्यापेक्षा बरीच जास्त हवी. आकडा किलोत आहे की पाउंडमध्ये, तेही बघा.

२. कड्या कुठे आहेत. बँड अडकवायच्या कड्या फ्रेमला वेल्डिंग केलेल्या असाव्यात. गादीच्या खालच्या फळीला स्क्रूने लावलेल्या असतील, तर तो बेंच घेऊ नका.

३. पाठ वर-खाली करायची पिन. पिन भोकातून आरपार गेली पाहिजे आणि हलवली तरी खडखडायला नको.

४. पायांचं अंतर. झोपून व्यायाम करताना तुमच्याच वजनाने बेंच स्थिर राहतो. पण बाजूला उभं राहून बँड ओढला, तर रिकामा बेंच उलटू शकतो. उभ्याने करायचे व्यायाम असतील तर बँड पायाखाली घ्या, बेंचला लावू नका.

५. रबर कसलं आहे. बरेच बँड नैसर्गिक लॅटेक्सचे असतात. रबरी हातमोजे किंवा फुगे हाताळल्यावर तुमच्या अंगाला खाज येत असेल, तर लॅटेक्स नसलेले बँड घ्या.

आणि हो, खोकं उघडताना मोबाईलवर सलग व्हिडिओ काढा. एखादा बोल्ट कमी निघाला, तर तक्रार करताना तोच पुरावा कामी येतो.

रबराची काळजी

ऊन, उष्णता आणि घाम हे रबराचे शत्रू आहेत. बँड गॅलरीत किंवा खिडकीत लटकवून ठेवू नका. वापर झाला की कोरड्या कापडाने पुसा. व्यायामाआधी दर वेळी बँड थोडा ताणून त्यावरून नजर फिरवा. बारीक भेगा, पांढुरके डाग किंवा हुकाजवळ पातळ झालेला भाग दिसला, की तो बँड सरळ कचऱ्यात. गाठ मारून, चिकटपट्टी लावून चालवायचा जुगाड इथे नको.

सुरुवात कशी करायची?

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचनांनुसार प्रौढांनी आठवड्यातून निदान दोन दिवस सगळ्या मोठ्या स्नायूंचा ताकदीचा व्यायाम करावा. मी सोमवार आणि गुरुवार धरले. छातीचा प्रेस, बसून रोईंग, खांद्याचा प्रेस, बेंचवर बसून उठणं, कमरेसाठी ब्रिज आणि पोटासाठी प्लँक. प्रत्येकी दोन सेट, १० ते १५ वेळा. शेवटचे दोन-तीन जड गेले पाहिजेत, पण हालचाल बिघडायला नको. १५ सहज व्हायला लागले, की पुढचा बँड.

इथे मोबाईल खरा उपयोगी पडतो. फोन बाजूला, कमरेच्या उंचीवर ठेवून एक सेट रेकॉर्ड करा. माझी कंबर बेंचवरून उचलली जाते, हे मला व्हिडिओतच दिसलं. नोट्समध्ये तारीख, बँडचा रंग आणि किती वेळा केलं ते लिहा. रंग प्रत्येक कंपनीचे वेगळे असतात, म्हणून 'लाल बँड' एवढंच मित्राला सांगून उपयोग नाही.

जोर लावताना श्वास सोडा, रोखून धरू नका. श्वास रोखला की रक्तदाब एकदम चढतो. बीपी, हृदयाचा त्रास, हर्निया किंवा नुकतंच डोळ्याचं ऑपरेशन झालं असेल, तर आधी डॉक्टरांना विचारा.

मग घ्यावा का?

जागा कमी असेल, सुरुवात करायची असेल आणि शिस्त असेल, तर जरूर घ्या. पायांसाठी मात्र बँड लवकर हलके पडतात, तिथे पुढेमागे वजनं लागतील. 'वीस व्यायाम' या आकड्यावर जाऊ नका, सहा नीट केले तरी पुष्कळ झालं.

मला आता त्याच १५ च्या सेटला पुढचा, जाड बँड लागतो. पाण्याचा २० लिटरचा जार तिसऱ्या मजल्यावर मध्ये न थांबता नेतो. तडकलेली काच मात्र टेबलाच्या खणात जपून ठेवली आहे. तुमच्या ओळखीत कुणी नुकतीच अशा बेंचची ऑर्डर टाकली असेल, तर डिलिव्हरी येण्याआधी हा लेख त्याला पाठवा आणि हुक आधी तपासायला सांगा.