वढूची समाधी आणि बेंद्र्यांचे कागद

फाल्गुन अमावास्येला शिरूर तालुक्यातल्या वढू बुद्रुकला जाणारे रस्ते माणसांनी भरून जातात. ११ मार्च १६८९ रोजी औरंगजेबाने संभाजी महाराजांना हाल हाल करून मारलं, ती हीच तिथी. दुसऱ्या दिवशी गुढीपाडवा होता. आज समाधीपुढे माथा टेकणाऱ्या पोराला संभाजी महाराज म्हणजे धर्मवीर, ‘बुधभूषण’ ग्रंथाचा कर्ता, नऊ वर्षं मोगलांशी झुंजलेला राजा. त्याच्या पणजोबांना भेटलेला संभाजी मात्र वेगळा होता: शूर, पण व्यसनी, बाईलवेडा, बापाचं राज्य बुडवायला निघालेला. हा समज ज्यांनी आधी हलवला त्यांत पहिलं नाव वासुदेव सीताराम बेंद्रे यांचं. वढूची समाधी शोधून काढण्याचं श्रेयही त्यांनाच दिलं जातं.

बेंद्रे पेणचे. जन्म १८९४चा, मृत्यू १९८६चा. विद्यापीठात इतिहास शिकवणारे प्राध्यापक ते कधीच नव्हते. पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळात त्यांची घडण झाली. मोडी, फार्सी, इंग्रजी कागद चाळणं हाच त्यांचा दिनक्रम. १९२८ साली त्यांचा ‘साधन-चिकित्सा’ हा ग्रंथ आला. कागद कुणी लिहिला, कधी लिहिला, लिहिणाऱ्याचा त्यात काय स्वार्थ होता, तो स्वतः तिथे हजर होता की ऐकीव सांगतो, हे आधी पारखायचं आणि मग त्या कागदाला तोंड उघडू द्यायचं, असा त्यांचा रिवाज. १९३३ साली त्यांनी शिवाजी महाराजांचं डच साधनांतून मिळालेलं चित्र लोकांपुढे ठेवलं. तोवर इब्राहिम खान नावाच्या एका सरदाराचं चित्र महाराजांचं म्हणून बिनदिक्कत छापलं जात होतं. १९३८मध्ये ते इंग्लंडला गेले आणि इंडिया ऑफिसमधली मराठ्यांसंबंधीची कागदपत्रं धुंडाळून आले.

या सगळ्या खटाटोपाचं मोठं फळ १९६० साली हाती आलं: ‘छत्रपती संभाजी महाराज’ हे चरित्र. त्यामागे जवळपास चार दशकांची जुळवाजुळव होती.

तेव्हा संभाजी महाराजांची बाजू मांडणं सोपं नव्हतं. जदुनाथ सरकारांसारखे दिग्गज संभाजी महाराजांबद्दल कठोर लिहून गेले होते. राम गणेश गडकऱ्यांचं ‘राजसंन्यास’ हे नाटक त्यांच्या १९१९मधल्या मृत्यूमुळे अपुरं राहिलं, तरी त्यातला मोहात बुडालेला राजा मराठी मनात घर करून बसला होता. गडकऱ्यांची भाषाच अशी की एकदा कानावर पडली की निघत नाही. मंडळातल्या कागदांना रंगमंचावरच्या टाळ्यांशी सामना करायचा होता.

बेंद्र्यांच्या बाजूने उभा राहणारा युक्तिवाद एका उदाहरणातून नीट कळतो. संभाजी महाराजांच्या बदनामीचा मोठा भाग मल्हार रामराव चिटणीसांच्या बखरीपाशी जाऊन पोचतो. ती लिहिली गेली १८१०च्या सुमारास, म्हणजे राजाच्या मृत्यूनंतर सुमारे १२० वर्षांनी. लेखक होते बाळाजी आवजी चिटणीसांच्या वंशातले. आणि बाळाजी आवजींना १६८१ साली आपल्याविरुद्धच्या कटात सामील असल्याच्या आरोपावरून संभाजी महाराजांनीच देहदंड दिला होता. त्याच बाळाजींचे चिरंजीव खंडो बल्लाळ पुढे स्वराज्याशी एकनिष्ठ राहिले, ही गोष्टही त्याच घराण्याची. तेव्हा घराणं वाईट असं कुणी म्हणायचं कारण नाही. पण घरातली जखम चार पिढ्या सांगितली जाते तेव्हा तिच्यात काय काय मिसळत जातं, याचा हिशेब बखर वाचणाऱ्याने ठेवायलाच हवा.

याउलट समकालीन परक्यांचे कागद पाहावेत. संभाजी महाराजांशी ज्यांचं वैर होतं तेच इथे साक्षीदार आहेत. नोव्हेंबर १६८३मध्ये मराठे गोव्याच्या दारात पोचले. पोर्तुगीज व्हाइसरॉय कोंद द आल्वोर इतका हवालदिल झाला की त्याने सेंट फ्रान्सिस झेवियरची शवपेटी उघडवून आपला अधिकारदंड संताच्या पायाशी ठेवला आणि गोवा तूच राख म्हणून साकडं घातलं. १६८१च्या आरंभी बुऱ्हाणपूरची लूट, १६८२मध्ये जंजिऱ्यावर मारा, नाशिकजवळच्या रामशेज किल्ल्याचा काही वर्षं टिकलेला प्रतिकार, हे सगळं याच राजाच्या कारकिर्दीत घडलं. शुद्धीत नसलेल्या माणसाला चार आघाड्या एकदम सांभाळता येत नाहीत.

तरी बेंद्र्यांचं प्रत्येक मत पत्करावं असं नाही. डिसेंबर १६७८मध्ये युवराज संभाजी मोगल सरदार दिलेरखानाला जाऊन मिळाले आणि सुमारे वर्षभर मोगलांकडे राहिले. मराठ्यांचा भूपाळगड पडला तो त्याच काळात. हे पान फाडून कुणालाच चरित्र लिहिता येत नाही. बेंद्र्यांनंतर कमल गोखले यांनी आपल्या प्रबंधात हा सगळा पट पुन्हा तपासला. तसा तो तपासता आला, कारण बेंद्र्यांनी आपले पुरावे मांडून ठेवले होते.

इथे पुण्यातल्याच दुसऱ्या हौशी इतिहासकाराची आठवण होते. पुरुषोत्तम नागेश ओक, जन्म इंदूरचा, १९१७चा, मृत्यू २००७चा. ताजमहाल हा मुळात राजपूत वाडा आणि देऊळ होता, असं त्यांनी ग्रंथांमागून ग्रंथ लिहून मांडलं. त्यांची याचिका सर्वोच्च न्यायालयाने २००० साली फेटाळली. ओकांची चिकाटी बेंद्र्यांहून कमी नव्हती. पण शाहजहानच्या दरबारी इतिहासात ताजच्या बांधणीची नोंद आहे, राजा जयसिंहाकडून जागा घेतल्याचीही आहे, आणि ओकांचा सिद्धान्त त्या नोंदींना पुरा पडत नाही. ओकांनी केला तसा नावांच्या उच्चारसाम्यावर उभा केलेला इतिहास कागदापुढे टिकत नाही.

इंग्लंडमध्येही अशी गोष्ट घडली आहे. १४८५मध्ये लढाईत पडलेल्या तिसऱ्या रिचर्ड राजाला शेक्सपिअरच्या नाटकाने कायमचा खलनायक करून टाकलं. त्याची बाजू मांडणारी मंडळी १९२४ पासून संघटित काम करत आहेत. २०१२ साली लेस्टर शहरातल्या मोटारतळाखाली त्याचा सांगाडा सापडला, त्यामागे पटकथा लिहिणाऱ्या फिलिपा लँगली या हौशी अभ्यासक बाईंचा ध्यास होता. पाठीचा कणा खरोखरच वाकलेला निघाला, खुरटा हात मात्र नाटकातलाच ठरला. पुतण्यांना त्याने मारलं का, हा प्रश्न हाडांनी सोडवला नाही.

भीमाकाठी असे न सुटलेले प्रश्न अजून धगधगते आहेत. दौंड तालुक्याच्या समोर, नदीच्या पलीकडे पेडगावचा बहादूरगड. संगमेश्वरला पकडलेल्या संभाजी महाराजांना आणि त्यांचे सोबती कवी कलश यांना औरंगजेबापुढे उभं केलं गेलं ते तिथे. तिथून बादशाही छावणी नदीच्या वरच्या अंगाला कोरेगावकडे सरकली आणि भीमा-इंद्रायणीच्या संगमावर, तुळापूरच्या परिसरात, शेवट झाला. वढूला अंत्यसंस्कार कुणी केले? गोविंद गोपाळ महारांनी, की शिवले घराण्याच्या पूर्वजांनी, की दोघांनी मिळून? डिसेंबर २०१७च्या अखेरीस वढूमध्ये गोविंद गोपाळांच्या समाधीजवळच्या फलकावरून वाद पेटला. १ जानेवारी २०१८ रोजी कोरेगाव भीमा, सणसवाडी भागात दंगल उसळली आणि एका तरुणाचा जीव गेला. न्या. जे. एन. पटेल यांच्या चौकशी आयोगापुढे साक्षींचं काम पुढे वर्षानुवर्षं चाललं.

या वादात बेंद्र्यांचं नाव घेऊन कुणी एका बाजूला झेंडा लावू नये. बादशहाची दहशत असताना ज्यांनी त्या देहाला अग्नी दिला ते जिवावर उदार झालेले लोक होते, आणि त्यांतल्या कुणाचंही नाव पुसलं जाणं हा अन्यायच. म्हणून तर दोन्ही परंपरा, दोन्हीकडचे कागद आणि त्या कागदांच्या तारखा एकत्र मांडून पाहण्याची गरज आहे. चिटणीसांच्या बखरीला जे प्रश्न विचारायचे तेच आपल्याला प्रिय असलेल्या कागदालाही विचारावे लागतील.

वढू आणि तुळापूरला राज्य सरकारने मोठ्या स्मारकाचं काम हाती घेतलं आहे. पुतळा होईल, शिल्पं होतील. त्यात एक दालन साधनांचं असावं, ही मागणी शिरूर-दौंडच्या शाळा-महाविद्यालयांतल्या इतिहासाच्या शिक्षकांनी आत्ताच लावून धरायला हवी. तिथे ‘मआसिर-ए-आलमगिरी’ या मोगल इतिहासग्रंथातली नोंद, पोर्तुगीज पत्रं, इंग्रज वखारीची पत्रं, १६८०चं बाकरे शास्त्रींना दिलेलं दानपत्र आणि चिटणीसांची बखर शेजारी शेजारी लावावीत, प्रत्येकाखाली साध्या मराठीत अर्थ लिहावा, आणि कुठला कागद घटनेनंतर किती वर्षांनी लिहिला गेला तो आकडा सगळ्यांत मोठ्या अक्षरांत द्यावा.