काचेवरचा ओरखडा आणि काचेतला तडा

बर्लिनच्या एका हॉटेलातील प्रचंड मत्स्यालय 16 डिसेंबर 2022 च्या पहाटे फुटले आणि दहा लक्ष लिटर पाणी बघता बघता रस्त्यापर्यंत वाहून गेले, हे वृत्त वाचल्यापासून ज्यांच्या दिवाणखान्यात तीन फुटी टाकी आहे अशा गृहस्थांनी आपल्या काचेकडे साशंक दृष्टीने पाहावयास आरंभ केला असेल, तर त्यात नवल नाही. तेथील अपघाताचे नेमके कारण तज्ज्ञांनाही निश्चितपणे सांगता आले नाही. परंतु ते पात्र काचेचे नसून ॲक्रिलिकचे होते, आणि या दोहोंचे स्वभावधर्म इतके भिन्न आहेत की त्या दुर्घटनेवरून घरच्या टाकीविषयी अनुमान बांधणे सर्वथा अप्रस्तुत होय. घरापुरता प्रश्न एवढाच की, काचेवरची खूण ओरखड्याची, टवक्याची की तड्याची. कारण पहिल्या दोन बहुधा सोसून न्यावयाच्या असतात आणि तिसरीची दखल त्याच दिवशी घ्यावी लागते.

या भेदाचे मर्म ज्याने प्रथम उकलले तो ए. ए. ग्रिफिथ हा इंग्रज अभियंता फार्नबरोच्या सरकारी विमान-संशोधनशाळेत नोकरीस होता, आणि यंत्रांच्या धातूच्या भागांवरील बारीक ओरखडे त्यांची ताकद इतकी का घटवितात, हा त्याच्यापुढचा प्रश्न होता. उत्तर शोधण्यासाठी त्याने काच निवडली. काचेचे पोकळ गोळे आणि नळ्या घेऊन त्यांवर मोजक्या लांबीचे तडे पाडले, आतून द्रवाचा दाब वाढवीत वाढवीत त्या फोडल्या, आणि 1921 साली रॉयल सोसायटीने प्रसिद्ध केलेल्या आपल्या निबंधात असे दाखवून दिले की, तड्याची लांबी चौपट झाली की काचेची ताण सोसण्याची शक्ती निम्मी होते. त्याहूनही विलक्षण असा त्याचा निष्कर्ष म्हणजे, काच मुळात दुर्बल नाही. तिच्या अंगावर डोळ्यांना न दिसणाऱ्या ज्या अतिसूक्ष्म चिरा असतात त्यांच्या टोकांशी सारा ताण एकवटतो, आणि म्हणूनच नुकताच ओढलेला काचेचा तलम तंतू जाड कांडीच्या मानाने कितीतरी अधिक बळकट ठरतो. टाकी बाळगणाऱ्याने एकाच शास्त्रज्ञाची ओळख करून घ्यावयाची असेल, तर ती ग्रिफिथची करून घ्यावी, असे माझे स्पष्ट मत आहे. कारण खूण किती मोठी व किती विद्रूप दिसते याला महत्त्व नसून ती किती खोल, किती तीक्ष्ण आणि कोठे आहे याला आहे, ही दृष्टी त्याने दिली.

नवीन कोरी काचही सूक्ष्म चिरांपासून मुक्त नसते, हे ध्यानी घेऊनच टाकीच्या काचेची जाडी ठरविताना 3.8 हा सुरक्षागुणांक धरण्याची रीत पडली आहे. शेवाळ काढण्याच्या चुंबकात वाळूचा एखादा कण अडकला आणि काचेहून कठीण असलेल्या त्या कणाने लांबच लांब रेघ ओढली, तर ती मनाला कितीही खुपली तरी या राखीव बळातच सामावते. शिवाय पाण्याच्या रेट्याने काच बाहेरच्या अंगाला फुगत असल्यामुळे मधल्या भागातील ताण बाहेरच्या पृष्ठावर पडतो आणि आतले पृष्ठ दाबले जाते, म्हणून आतून पडलेला ओरखडा बाहेरच्यापेक्षा निरुपद्रवी. नखाचे टोक हलकेच आडवे फिरवून पाहावे. ते अडले नाही तर चिंतेचे कारण नाही, अडले तर विजेरीचा झोत तिरका टाकून पाहावे. टवका उडालेल्या जागी शिंपल्यासारखी वर्तुळाकार वलये दिसतात आणि तेथेच सारे संपते. तडा असेल तर काचेच्या जाडीत आरशासारखी चकाकणारी एक पातळ पापडी दिसते. कोपऱ्यावरचा टवका सिलिकॉनच्या सांध्यापर्यंत पोहोचला नसेल तर तो राहू द्यावा. मात्र वरून पट्टी नसलेल्या टाकीच्या लांब कडेच्या मध्यभागी तो असेल, तर त्याबाबत हयगय करू नये.

तड्याच्या बाबतीत ‘महिनाभर काही झाले नाही’ ही कैफियत मुळीच ग्राह्य नाही. पाण्याचे रेणू तड्याच्या टोकाशी काचेचे बंध तोडीत राहतात आणि ताणाखालचा तडा हळूहळू पुढे सरकतो, हे वीडरहॉर्न या अमेरिकी संशोधकाने 1967 साली प्रयोगांती दाखविले आहे. त्यावरील तातडीची तजवीज मात्र सोपी आहे. तीन फूट लांब आणि दीड फूट खोल पाण्याच्या टाकीत पुढच्या काचेवर सुमारे 96 किलो वजनाइतका रेटा असतो. तो खोलीच्या वर्गाच्या प्रमाणात बदलत असल्यामुळे पाणी निम्म्यावर आणताच 24 किलोंवर उतरतो. आधी हीटरचे बटण बंद करावे, मग त्याच पाण्याने भरलेल्या प्लास्टिकच्या टबात मासे हलवून हवेचा पंप सुरू करावा, आणि नंतर टाकी रिकामी करावी.

दुकानदार अनेकदा आतून काचेचा तुकडा सिलिकॉनने चिकटवून देतो. तूर्तातूर्त त्याने गळती थांबेल, पण लांब तड्यावर त्याचा भरवसा धरणे मला मान्य नाही. ती काचच बदलावी, आणि बदलताना जुने सिलिकॉन पात्याने पूर्ण खरवडून काढावे, कारण सुकलेल्या सिलिकॉनवर नवे नीट धरत नाही. न्हाणीघरासाठी मिळणारे बुरशीरोधक सिलिकॉन माशांना विषारी ठरते, ते टाळावे. ओरखडे घालविण्यासाठी टूथपेस्ट चोळणे व्यर्थ. सीरियम ऑक्साइडने घासल्यास काच झिजून आतले दृश्य वेडेवाकडे दिसू लागते, शिवाय हे काम टाकी पूर्ण रिकामी करूनच करावे लागते.

एक मागणी मात्र आग्रहाने करावीशी वाटते. टाकी विकणाऱ्याने काचेची जाडी आणि तळाची काच टेम्पर्ड आहे की साधी, एवढा तपशील पावतीवर लिहून द्यावा. टेम्पर्ड काचेत तडा राहतच नाही, ती एकदम चुरा होऊन कोसळते. आणि साध्या काचेची जाडी कळल्याविना तिच्यावरचा एखादा खोल ओरखडा सोसण्याजोगा आहे की नाही, हे ग्राहकाने कशाच्या आधारावर ठरवावे?