ध्वनिक्षेपक केबलीचे आधार
विवर्धकाकडून (विद्युत् संकेताची शक्ती वाढविणाऱ्या साधनाकडून) ध्वनिक्षेपकाकडे जाणारी केबल जमिनीपासून काही सेंमी. उंच धरणाऱ्या लहान टेकूंना ही संज्ञा लावतात. ते लाकूड, चिनी माती, प्लॅस्टिक इत्यादींचे करतात. त्यांमुळे ध्वनी अधिक स्वच्छ होतो, असे काही ध्वनिशौकिनांचे मत आहे. काही आधारांना विजेच्या खांबांवरील निरोधकांचा आकार दिलेला असतो. परंतु हे साम्य फसवे आहे. खांबांवरील तारा सामान्यतः उघड्या असतात, तर या केबलीला स्वतःचे निरोधक वेष्टन असते आणि घरगुती वापरात तिच्यावरील विद्युत् दाबही थोडाच असतो.

जमीन वा गालिचा यांच्या सान्निध्याने केबलीची धारणा (विद्युत् भार साठविण्याची क्षमता) वाढते व त्यामुळे संकेत बिघडतो, हा समर्थकांचा मुख्य युक्तिवाद होय. धारणा किंचित वाढते हे खरे. प्रश्न परिमाणाचा आहे. दर मीटरला १०० पिकोफॅराड धारणा धरल्यास ५ मी. केबलीची धारणा ५०० पिकोफॅराड होते. श्राव्य मर्यादेच्या वरच्या टोकाला, म्हणजे २०,००० हर्ट्‌झ कंप्रतेला, तिचा विरोध सु. १६,००० ओहम येतो. तो ८ ओहमच्या ध्वनिक्षेपकाला समांतर असल्याने त्यातून जाणारा प्रवाह ध्वनिक्षेपकातील प्रवाहाच्या सु. १/२,००० भरतो. केबलीतील विद्युत् क्षेत्र बव्हंशी शेजारच्या दोन संवाहकांमध्येच एकवटलेले असते. तथापि जमिनीमुळे धारणा दुप्पट झाली असे मानले, तरी हे प्रमाण १/१,००० पलीकडे जात नाही. उलट, २·५ चौ. मिमी. छेदाच्या तांब्याच्या त्याच केबलीचा जाण्यायेण्याचा रोध सु. ०·०७ ओहम असतो. केबल फार बारीक वा लांब असल्यास तो वाढून परिणाम घडवू शकतो. आधारांनी मात्र त्यात काहीच फरक पडत नाही.

गालिच्यावरील घर्षणाने निर्माण होणारी स्थिर विद्युत् हे दुसरे कारण सांगितले जाते. विद्युत् गिटारच्या केबलीत अशा भाराने खरखर ऐकू येते, कारण तेथील मंडलाचा संरोध (प्रत्यावर्ती प्रवाहाला होणारा एकूण विरोध) फार मोठा असतो. ध्वनिक्षेपकाच्या मंडलात तो काही ओहमच असल्याने भार टिकत नाही.

ऐकणाऱ्याला जाणवलेला फरक खोटा असतोच असे नाही. केबल उचलून परत बसताना डोके थोडे सरकले, तरी खोलीतील परावर्तित तरंगांच्या व्यतिकरणामुळे उच्च कंप्रतांचा समतोल बदलतो; अपेक्षेचाही प्रभाव पडतो. म्हणून चाचणीत श्रोत्याने जागा सोडू नये, केबल पडद्याआड असावी आणि ती वर की खाली हे नाणे उडवून दुसऱ्याने ठरवावे; निकाल पुरा होईपर्यंत त्याने श्रोत्याशी बोलू नये. १० पैकी ९ वा अधिक उत्तरे निव्वळ अंदाजाने बरोबर येण्याची संभाव्यता सु. १% असते. अशा आंधळ्या तुलनेसाठी डेव्हिड क्लार्क यांनी १९८२ मध्ये एका स्विच-योजनेचे वर्णन प्रसिद्ध केले.

ओल, पायाखाली चुरगळणे व अडखळणे यांपासून केबल दूर ठेवण्यास आधार उपयोगी पडतात. त्यासाठी साधा लाकडी ठोकळाही पुरतो. दोन संवाहक सुटे असल्यास ते वेगवेगळ्या आधारांवरून नेऊ नयेत, कारण त्यांतील अंतर वाढले की मंडलाचे प्रवर्तकत्व (प्रवाहातील बदलास विरोध करण्याचा गुणधर्म) वाढते व लांब केबलीत उच्च कंप्रतांचे स्वर किंचित मंदावतात.