जुन्या फटफटीचा संसार

बर्मिंगहॅमची बी. एस. ए. 'एम २०' ही ४९६ सी. सी. ची फटफटी (१९३७ ते १९५५) घेण्याचा मोह ज्यांस होतो, त्यांनीं रंगाच्या झळाळीस भुलूं नये. दुसऱ्या महायुद्धांत अशा सुमारें सव्वा लाख गाड्या सैन्यासाठीं तयार झाल्या. पुढें एकीचें इंजिन दुसरीच्या सांगाड्यांत बसलें असल्यास नवल नाहीं. म्हणून दोन्ही क्रमांक कागदपत्रांशीं आधीं ताडून पाहावे, नाहीं तर पैसेही जातात व झोंपही.

पुढें पान्यांची कटकट. व्हिटवर्थ पान्यावरील आकडा बोल्टाच्या जाडीचा, डोक्याच्या रुंदीचा नव्हे. मेट्रिक पाना लावला कीं कोपरे झिजलेच! गाडी फार दिवस उभी राहिल्यास टाकींतलें तेल इंजिनाच्या तळाशीं उतरतें. तें काढूनच निघावें. युद्धकाळच्या गाडीच्या मागच्या चाकास स्प्रिंग नसते, हें मात्र सौभाग्यवतींस आधींच सांगावें.