एका चहापुरते बस्तान

गेल्या हिवाळ्यात मुंबईस गेलो असता फोर्टातील एका नव्या उपाहारगृहात, जेथे जुन्या इराण्याच्या संगमरवरी टेबलांची आणि वाकवलेल्या लाकडाच्या खुर्च्यांची हुबेहूब नक्कल मांडून ठेवली होती, चहा सांगण्यापूर्वीच माझा मोबाईल क्रमांक मागण्यात आला; आणि कोल्हापूरकडील बिद्रीसारख्या गावाहून आलेल्या वृद्धास स्वतःची नोंद करवून घेतल्यावाचून या शहरात आता घोटभर चहाही दुर्लभ झाला, ही गोष्ट मनास फार लागली.

मुंबईच्या माझ्या फेऱ्या तशा जुन्या; त्यांतल्या साठीच्या दशकातील फेऱ्यांविषयी सांगण्याजोगे फारसे नाही, कारण तेव्हा घरून बांधून नेलेली भाकरी आणि कांदा-लसणाची चटणी संपली की मुक्कामही संपे. नव्वदीनंतरच्या मुंबईविषयी तर त्याहूनही कमी, कारण तिथे जे मिळते ते हल्ली कोल्हापुरातही मिळते.

लक्षात राहिले ते सत्तरीचे दशक. रात्री कोल्हापुरास महालक्ष्मी एक्सप्रेस गाठावी, सकाळी व्ही.टी.स उतरावे, आणि साखर कारखान्याच्या कामाचे दप्तर बगलेत धरून, सचिवालयाची (१९७५ साली त्याचे मंत्रालय झाले) दारे उघडेपर्यंत धोबीतलावावर विसावा घ्यावा, असा परिपाठ पडला होता. तेथे १९०४ पासूनचे क्यानी आणि रस्त्यापलीकडचे बास्तानी, अशी दोन इराण्यांची दुकाने होती. यझ्द-केरमानकडून आलेल्या या जरथुष्ट्री मंडळींनी कोपऱ्याकोपऱ्यावर जे संसार थाटले, त्यांत मस्का माखलेला कडक ब्रून पाव, मावा केक, काचेच्या बरणीतली खारी आणि पानी-कम चहा एवढ्याच भांडवलावर परगावचा मनुष्य तासभर निर्वेध बसू शके. त्याची जात, गाव, काम कोणीही विचारीत नसे. जेथे जन्मापासून प्रत्येक पंक्तीत आपले स्थान मुक्रर झालेले, अशा खेड्यातून आलेल्यास ही बेपर्वाई केवढा सन्मान वाटे, हे शहरवासीयांस कळणे कठीण.

याच्या नेमके उलट वर्तन लालबाग-परळच्या खानावळीत. भुदरगड, आजरा, चंदगडाकडचे गिरणी-कामगार जेथे गावाच्या गाळ्यात वळकटी टाकून राहत आणि पगारावर महिन्याचा हिशेब चुकवीत, तेथे ताट वाढण्याआधीच बाई विचारी, "कुठल्या गावचं? कुणाच्यातलं?" आणि उत्तर ऐकताच, "बिद्रीचं व्हय? मग आमच्या म्हायेरच्या वाटंवरचंच की!" असे म्हणून रश्शाची आणखी एक पळी ओती. अशाच स्त्रियांना १९७५ साली प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळात संघटित करून, सावकाराच्या पाशातून सोडवून बँकेच्या दारापर्यंत नेले. पुढे १८ जानेवारी १९८२ रोजी सुमारे अडीच लाख कामगारांचा संप सुरू झाला, पगार थांबला, उधारी थकली आणि चुली एकेक करून विझल्या.

इराण्यांचा अस्त संथ होता. बास्तानी गेले, इतरही अनेक गेले, आणि त्यांच्यावर मृत्युलेख लिहिण्यास सरसावले ते नेमके तेच रसिक, जे त्या काळी बशीत चहा ओतून फुर्र करणाऱ्या आम्हां गावकऱ्यांकडे पाहून नाक मुरडीत आणि स्वतः वातानुकूलित दालनात कॉफी घेत. त्यांच्या शोकात खुर्च्या आहेत, आरसे आहेत, पाट्या आहेत. मात्र भाड्याचा उल्लेख नाही.

वस्तुतः त्या औदार्यास जामीन राहिला होता १९४७ चा मुंबईचा भाडेनियंत्रण कायदा. जागेचे भाडे गोठलेले, म्हणून एका चहावर तासभर बसणारे गिऱ्हाईक मालकास परवडत असे. पुढे पागडीच्या इमारतींवर विकासकांची नजर गेली, मुले शिकून परदेशी गेली, आणि प्रत्येक खुर्चीस दर मिनिटाचा भाव आला. तेव्हा इराण्यांच्या वारसांना दोष देण्यात अर्थ नाही. ज्या शहरास आपली जुनी उपाहारगृहे खरोखर राखावयाची असतील, त्याने त्यांच्या सामानाचे लिलाव मांडण्यापेक्षा स्टेशनाजवळचे चार कोपरे स्वस्त भाड्याने राखून ठेवण्याचा हुकूम काढावा; ब्रून भाजणारे हात अद्याप शिल्लक आहेत.