जुन्या ट्रॅक्टरच्या डायनॅमोस दिशा लावणें

आमच्या वर्गांतील पुष्कळ विद्यार्थी शेतकऱ्यांचीं मुलें आहेत. डायनॅमोची आकृति तीं फळ्यावरून बिनचूक उतरून घेतात. परंतु घरच्या जुन्या ट्रॅक्टरचा डायनॅमो फिरत असूनही वीज कां देत नाहीं, असें विचारिलें असतां बहुतेक गप्प बसतात. कांहीं वर्षांपूर्वीं अशाच एका प्रसंगीं आम्हीही गप्प बसलों असतों तर एका शेजाऱ्याचें नुकसान टळलें असतें. तो प्रसंग पुढें सांगूं; आधीं मूळ गोष्ट समजून घेऊं.

आपला जिल्हा, ज्याचें अहमदनगर हें नांव बदलून २०२४ सालीं अहिल्यानगर झालें, तो उसाचा जिल्हा. प्रवरानगरच्या सहकारी साखर कारखान्याचा पहिला गळीत हंगाम १९५०-५१ चा. त्याच सुमारास, म्हणजे १९४६ पासून १९५६ पर्यंत, इंग्लंडांत कॉव्हेंट्री येथें फर्ग्युसन टीई-२० हा लहान ट्रॅक्टर तयार होत असे; त्याचे पांच लाखांहून अधिक नग निघाले. पुढें १९६३ सालीं मुंबईस इंटरनॅशनल ट्रॅक्टर कंपनी ऑफ इंडिया स्थापन झाली व बी-२७५ ट्रॅक्टर आपल्याकडे परिचयाचा झाला. हल्लींच्या ट्रॅक्टरांवर आल्टर्नेटर असतो; त्या काळीं मात्र बॅटरी भरण्याचें काम डायनॅमो करी.

मायकेल फॅरडेनें १८३१ सालीं दाखवून दिलें कीं, चुंबकाच्या क्षेत्रांत तारेचें वेटोळें हलविलें असतां तींत वीज उत्पन्न होते. पण ट्रॅक्टरच्या डायनॅमोंत कायमचा चुंबक नसतो. तेथें लोखंडी ध्रुवांभोंवतीं वेटोळीं असतात, आणि डायनॅमोनें स्वतः उत्पन्न केलेल्या विजेचा थोडा अंश त्यांतून फिरून लोखंडास चुंबक बनवितो. ही युक्ति १८६६-६७ च्या सुमारास बर्लिन येथें वेर्नर सीमेन्स व लंडन येथें व्हीट्स्टन यांनीं पुढें मांडली.

येथें चतुर विद्यार्थी विचारील, "गुरुजी, चुंबकत्वावांचून वीज नाहीं व विजेवांचून चुंबकत्व नाहीं, मग आरंभ कोठून?" त्याचें उत्तर त्यानें आपल्या विहिरीवर पाहिलेलें आहे. नळींतील पाणी उतरलें म्हणजे पंप कितीही फिरला तरी पाणी ओढीत नाहीं. आधीं नळी पाण्यानें भरावी लागते. तद्वत् डायनॅमोच्या लोखंडांत पूर्वींच्या चुंबकत्वाचा किंचित् अंश शिल्लक राहतो. तेवढ्यावर प्रथम एक-दोन व्होल्ट वीज उत्पन्न होते, ती वेटोळ्यांत जाते, चुंबकत्व वाढतें, वीज वाढते, व बारा व्होल्टांची बॅटरी असल्यास सुमारें चौदा व्होल्टांपर्यंत पोंचून रेग्युलेटर तीस आवरतो.

हा शिल्लक अंश दोन प्रकारें बिघडतो. यंत्र दीर्घकाळ पडून राहिलें किंवा डायनॅमो उघडून दुरुस्त केला, तर तो नाहींसा होऊं शकतो. बॅटरी उलटी जोडली गेली, तर त्याची दिशा फिरूं शकते. हा दुसरा दोष अधिक घातक होय. डायनॅमो व बॅटरी परस्परविरुद्ध दिशेचीं झालीं कीं, कटाउट मिटतांच दोहोंचा दाब एकत्र होऊन मोठा प्रवाह वाहतो, आणि कटाउटचीं टोकें जळतात किंवा एकमेकांस चिकटतात. म्हणून नवी बॅटरी बसवितांना, पूर्वीं कोणतें टोक सांगाड्यास जोडलेलें होतें, तें आधीं पाहावें. जुन्या इंग्रजी यंत्रांत पुष्कळदां धन टोक सांगाड्यास असे. हल्लीं ऋण टोक असतें. केवळ संवयीनें जोडणें म्हणजे संकट ओढवून घेणें होय.

आतां दिशा लावण्याची रीति. लुकास पद्धतीच्या डायनॅमोवर 'डी' हें मोठें व 'एफ' हें लहान अशीं दोन टोकें असतात. इंजिन बंद ठेवावें. 'एफ' वरील तार प्रथम सोडवावी. मग एका सुट्या तारेचें एक टोक बॅटरीच्या सांगाड्यास न जोडलेल्या टोकास लावून, दुसरें टोक डायनॅमोच्या 'एफ' ला दोन-तीन वेळां क्षणभर टेंकवावें. ठिणगी उडेल, म्हणूनच ती बॅटरीपासून दूर, डायनॅमोकडे उडूं द्यावी, कारण बॅटरींतून ज्वालाग्राही वायु निघत असतो. नंतर सुटी तार काढून 'एफ' ची तार पुन्हां जोडावी. अमेरिकन पद्धतीच्या अनेक डायनॅमोंत वेटोळ्याचा मार्ग रेग्युलेटरमधून सांगाड्यास जातो. तेथें तारा न सोडवितां रेग्युलेटरवरील बॅटरीचें व डायनॅमोचें टोक क्षणभर जोडतात. आपला डायनॅमो कोणत्या जातीचा, हें पुस्तिकेवरून अथवा जाणत्या मिस्त्रीकडून निश्चित केल्यावांचून हात घालूं नये. आल्टर्नेटरवर तर हा प्रयोग कधींच करूं नये.

आमची चूक नेमकी येथेंच झाली. एका संध्याकाळीं शेजाऱ्याचा ट्रॅक्टर उसाच्या खेपेस निघावयाचा होता आणि दिवे मंद होते. आम्हांस तत्त्व ठाऊक होतें, म्हणून कृतीही ठाऊक आहे असें आम्हीं धरून चाललों. 'एफ' ची तार न सोडवितांच आम्हीं बॅटरीची तार टेंकविली. प्रवाह रेग्युलेटरच्या नाजूक टोकांतून मागें फिरून थांबलेल्या आर्मेचरमध्यें शिरला, आणि एका क्षणांत तीं टोकें जळालीं. शेजारी कांहीं बोलले नाहींत. त्यांनीं ट्रॉली उभी केली. दिव्यांवांचून रात्रीं उसाची ट्रॉली रस्त्यावर नेणें म्हणजे मागून येणाऱ्याच्या जिवाशीं खेळणें, हें ते आमच्याहून अधिक जाणत होते. ती खेप बुडाली आणि नव्या रेग्युलेटरचा खर्च आम्हीं दिला. परंतु बुडालेली खेप कांहीं परत देतां आली नाहीं.

तेव्हां विद्यार्थिमित्रहो, दिशा लावण्यापूर्वीं पट्टा ढिला नाहीं ना, ब्रश झिजले नाहींत ना, तारा तुटल्या नाहींत ना, हें आधीं पाहा. पुष्कळदां दोष तेथेंच सांपडतो. दिशा लावल्यावर इंजिन हळूहळू वाढवून ॲमीटरचा कांटा भरण्याच्या बाजूस जातो कीं नाहीं तें पाहा; उलट गेल्यास तत्काळ इंजिन बंद करा. आणि तत्त्व समजलें एवढ्यानें हात तयार झाला असें मानूं नका. तसें मानण्याची किंमत एकदां आमच्या शेजाऱ्यानें भरली आहे.